सातव्या मजल्यावरचं उघडं दार

बापूंनी संध्याकाळच्या वेळी घराचं दार उघडं ठेवायचं ठरवलं, एवढीच खरं तर गोष्ट. यात सोसायटीची खास सभा, अग्निशमन खातं, एक अवेळी वाहिलेली श्रद्धांजली आणि चौदाव्या मजल्यावरच्या कुत्र्याचा खाऊ यांचा काय संबंध, असं कोणीही विचारील. बापूंनीही स्वतःला विचारून पाहिलं होतं. पण दार एकदा उघडलं की आत काय काय शिरेल ते आपल्या हातात राहत नाही. बापूंच्या दारातून तर पहिले बरेच दिवस माणसं सोडून सगळं आत आलं.

बापू वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ज्यांना पाहून एके काळी भर बाजारातले दुकानदार तराजूखाली चिकटवलेली चिंच काढून टाकत, असे निरीक्षक. निवृत्तीनंतर ते आणि माई लेकाच्या नव्या घरात राहायला आले, त्याला आता वर्ष होत आलं होतं. घर सातव्या मजल्यावर, ऐसपैस, खिडक्या सरकत्या, आणि इतकं शांत की स्वयंपाकघरात फ्रीजने सुस्कारा टाकला तर बैठकीच्या खोलीत ऐकू यावा. लेक आणि सून सकाळी निघत ती दिवे लागल्यावर परतत. मजल्यावर चार दारं, चारही कायम बंद. प्रत्येक दारासमोर 'सुस्वागतम' लिहिलेलं पायपुसणं होतं, पण ते स्वागत फक्त पायांचं होतं. पायांच्या वर जो माणूस असतो त्याने आधी फोन करून, वेळ ठरवून, खाली फाटकावर स्वतःचा फोटो काढू देऊन, मग यायचं.

खात्याच्या जुन्या वसाहतीत असलं काही नव्हतं. तिथे दार लागायचं ते झोपायला किंवा भांडायला. दिवसाढवळ्या कोणाचं दार लागलं की सगळा मजला कान टवकारून बसायचा आणि ते उघडल्यावर, जणू काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने, लिंबू मागायला जायचा. लिंबू मागायला आलेली बाई नणंदेचं ऑपरेशन, भाचीचं लग्न आणि सासऱ्यांचा दमा एवढं सांगून निघायची, आणि लिंबू विसरायची. म्हणून ती पुन्हा यायची. पोरं ज्या घरात पंखा चांगला असेल त्या घरात अभ्यास करत. बापू कचेरीतून आले की आपली बायको आज कोणाच्या घरात आहे, याची त्यांना आधी चौकशी करावी लागे. आणि चौकशी करता करता त्यांना तीन घरी चहा होई. काय काम काढलंत, असं त्या काळी कोणी कोणाला विचारत नसे. काम असेल तरच यायचं, हा शोध अजून लागायचा होता.

त्या वसाहतीतली माई आणि इथली माई, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला होता. तिथली माई बोलायला लागली की भाजी करपायची. इथल्या माईच्या हातून भाजी करपतच नव्हती, आणि बापूंना तेच कुठेतरी खटकायला लागलं होतं.

पण खरा धक्का बसला तो लिफ्टमध्ये. त्या लिफ्टला एक बाईचा आवाज होता. मजला सांगायचा, दार बंद होत असल्याचं सांगायचा. एका सकाळी बापू दुधाच्या पिशव्या घेऊन लिफ्टपाशी पोचले, तर आत माई एकटीच उभी, पाठमोरी. लिफ्ट म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे." माई म्हणाली, "होऊ दे गं बाई. दिवसभर तेच तेच बोलून तुला कंटाळा कसा येत नाही? घसा सांभाळ हो." आणि दार बंद झालं. बापू दुधाच्या पिशव्या धरून तिथेच उभे राहिले.

त्याच आठवड्यात माईच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या घराची मागची खोली रिकामी झाली होती. रंग काढायचा, रंग वाळला की ताईने राहायला यायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. जेवताना माई म्हणाली, "मी जाईन म्हणते तिच्याकडे."

"किती दिवस?"

"बघू."

माईच्या 'बघू'चा अर्थ बापू चांगला ओळखून होते. माईचं काही ठरत असलं की ती चर्चा करायची. ठरून गेलं की 'बघू' म्हणायची. बापूंना म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तू गेलीस तर मी या घरात फ्रीजचे सुस्कारे ऐकत बसू का? सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या पिढीतल्या पुरुषांना बायकोशी असं काही बोलायची सवय नव्हती, आणि या वयात नवी सवय लावून घेणं म्हणजे जिवावरच येतं. बापू म्हणाले, "मीठ कमी आहे."

रात्रभर विचार करून बापूंनी रोगाचं निदान केलं. माईला माणसं हवी होती. माणसं दारातून येतात. दार बंद होतं. इतकं सोपं गणित वर्षभर सुटलं नाही, याची निरीक्षक म्हणून त्यांना थोडी लाजच वाटली. बहिणीच्या खोलीचा रंग वाळायच्या आत या मजल्यावरची निदान एक बाई माईशी गप्पा मारायला आली पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला. माईला मात्र यातलं काही सांगितलं नाही. कार्य आधी सिद्धीला जावं आणि मग आपसूक लक्षात यावं, अशी त्यांची खात्यातली जुनी पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूंनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस नीट बसवले आणि दार सताड उघडलं. दार आपण होऊन परत आलं आणि लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लागलं. हे दार आपोआप बंद होणारं होतं. माणसांवर विसंबायचं नाही, या तत्त्वावर ही इमारतच बांधलेली होती. तेव्हा बापूंनी कपाटाच्या तळातून पाच किलोचं लोखंडी वजन काढलं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेलं, वर पितळी अक्षरांत त्यांचा हुद्दा कोरलेलं. ते दाराला लावल्यावर दार मुकाट्याने उभं राहिलं.

आता कुलूप बोंबलायला लागलं. ते कुलूपही हुशार जातीचं होतं. दार उघडं राहिलं की ते किंचाळायचं आणि मालकाला फोनवर कळवायचं. मालक, म्हणजे बापूंचे चिरंजीव, तेव्हा कचेरीत मोठ्या साहेबांसमोर बसले होते.

"बाबा, घराचं दार उघडं आहे!" चिरंजीव फोनवर कुजबुजले.

"हो, मीच उघडलंय."

"का? काय झालं?"

"काही झालेलं नाही. काही व्हावं म्हणून उघडलंय."

चिरंजिवांनी खाली फाटकावर फोन केला. वॉचमन काठी घेऊन जिन्याने धावत वर आला, कारण असल्या प्रसंगी लिफ्ट वापरू नये असं त्याला शिकवलेलं होतं. दारात बापू हसतमुखाने खुर्चीवर बसलेले. सात मजले चढून आलेल्या माणसाला बोलवत नव्हतं. बापूंनी त्याला पाणी दिलं. तो पहिला पाहुणा. दम परतल्यावर तो म्हणाला, "काका, पुन्हा उघडायचं असलं तर आधी खाली कळवा," आणि निघून गेला.

चिरंजिवांनी वैतागून कुलपाची बोंब बंद करून टाकली. तीन-चार संध्याकाळी अशाच गेल्या. लिफ्ट यायची, माणसं उतरायची, कानांत बोंडं घालून हवेशी बोलत आपापल्या दारात गडप व्हायची. कोणी चुकून इकडे पाहिलंच तर दुसऱ्याच्या स्नानघरात डोकावल्यासारखं ओशाळून मान फिरवायचं. बापूंना वाटलं, घर ओकंबोकं दिसतंय, म्हणून कोणाला धीर होत नसेल. गर्दी पाहून गर्दी येते, हे त्यांनी बाजारात आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या चपला, बूट, सुनेच्या उंच टाचांच्या वहाणासुद्धा दाराबाहेर मांडून ठेवल्या. वाटावं की आत मैफल रंगलीये.

दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आत शांतता, आणि पांढरा शर्ट घालून मान खाली घालून बसलेले बापू. त्यांना त्या वेळी डुलकी लागली होती, पण समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना ते कसं कळावं? त्या लिफ्टमधून उतरल्या, क्षणभर थबकल्या, हात जोडले आणि पाऊल न वाजवता घरात गेल्या. थोड्याच वेळात इमारतीच्या ग्रुपवर बातमी झळकली. सातव्या मजल्यावरच्या माई गेल्या. पाठोपाठ जोडलेले हात सुरू झाले. हात, फुलं, पुन्हा हात. एकाने त्यांच्या प्रेमळ स्वभावाबद्दल लिहिलं. दुसऱ्याने त्यांच्या जाण्याने इमारतीत पोकळी निर्माण झाल्याचं लिहिलं. हा दुसरा वर्षभर माईबरोबर लिफ्टमध्ये चढत-उतरत होता आणि एकदाही तिच्याकडे बघून हसला नव्हता.

सूनबाईंनी रडवेल्या आवाजात घरी फोन केला, तो माईनेच उचलला. तेव्हा कुठे उलगडा झाला. बापूंनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं, माई आता घर डोक्यावर घेईल. पण माईने चष्मा लावून स्वतःची श्रद्धांजली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "एवढ्या लोकांना कळलं, पण आलं कोणीच नाही हो."

खुलासा ग्रुपवर टाकला गेला. माई हयात असल्याच्या बातमीला मोजून तीन अंगठे मिळाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई क्षमा मागायला आल्या, पण उंबऱ्याबाहेरूनच. बापूंनी दाराचं प्रयोजन जमेल तेवढं सांगितलं. बाईंना ते पटलं. "कल्पना छान आहे, काका. फक्त असं करा ना, आधी मेसेज टाकत जा. म्हणजे आम्ही आमची वेळ बघून कळवू, मग तुम्ही दार उघडा." वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हास्य क्लब सुचवला. कोणी म्हणालं कुत्रा पाळा. कोणी म्हणालं दाराबाहेर पडदा लावा, तेवढाच रंग येईल. सल्ला द्यायला मात्र माणसं दारापाशी थांबत, यात बापूंना आशेचा किरण दिसला.

आणि एके दिवशी खरोखरच वर्दळ सुरू झाली. पार्सलांची.

पार्सलं पोचवणाऱ्या लोकांचा या इमारतीत फार खोळंबा व्हायचा. दारं उघडत नसत, घंटा ऐकून घेत नसत. सातव्या मजल्यावर एक दार रोज उघडं असतं आणि आत नाही म्हणता न येणारा म्हातारा आहे, ही बातमी त्यांच्यात वाऱ्यासारखी पसरली. समोरच्यांचं ठेवा काका, जरा वरच्यांचं ठेवा काका, असं करता करता अख्ख्या इमारतीची खोकी बापूंच्या बैठकीत येऊन पडू लागली. संध्याकाळी माणसं यायची, फोनवरून नजर न काढता विचारायची, "माझं आलंय का?" आणि खोकं उचलून चालू पडायची. घरात शिरायला वाट उरली नाही. टीव्ही खोक्यांमागे गेला. बापू बैठकीच्या खोलीत बसण्याऐवजी दोन खोक्यांच्या मधे उभे राहू लागले.

माईला मात्र गंमत वाटत होती, निदान सुरुवातीला. "पाचव्या मजल्यावरचा तो व्यायामाची यंत्रं मागवतो आणि परत पाठवतो," ती म्हणाली. "उचलून आणण्याचाच व्यायाम होत असेल." असं ती कितीतरी दिवसांनी काहीतरी बोलली होती. बापूंनी पेपरातून डोकं वर काढून "हं," म्हटलं आणि मनात म्हणाले, औषध लागू पडतंय.

इथेच ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण एक दिवस चौदाव्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांच्या कुत्र्याचा खाऊ आला. मोठं पोतं, वर दहा किलो लिहिलेलं. बापूंनी ते बाजूला सरकवायला उचललं आणि त्यांच्या हाताला शंका आली. ज्या हाताने उभा जन्म वजनं पारखली, तो हात खोटं बोलत नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी माळ्यावरून आपला जुना हुकाचा काटा काढला, पोतं टांगलं. काटा दहाला पोचलाच नाही. पाऊण किलो कमी! बापूंचं रक्त सळसळलं. कित्येक वर्षांनी त्यांच्या अंगात निरीक्षक संचारला. मग हातासरशी त्यांनी बैठकीतली बाकीची पोतीही तोलून काढली. सगळीच कमी भरली. एवढा मोठा घोटाळा त्यांनी नोकरीतसुद्धा पकडला नव्हता.

वकीलसाहेबांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी कंपनीला खरमरीत नोटीस धाडली. कंपनीने माणूस पाठवला. हा माणूस शांतपणे स्वतःचं वजनयंत्र घेऊन आला. बापूंच्या बैठकीत, वकीलसाहेब, कुत्रा आणि जमलेल्या चार शेजाऱ्यांच्या देखत त्याने पोतं ठेवलं. बरोबर दहा किलो. मग त्याने बापूंचा काटा हातात घेतला, उलटापालटा केला आणि ज्या आवाजात बापूंनी आयुष्यभर दुकानदारांना विचारलं होतं, नेमक्या त्याच आवाजात विचारलं, "पडताळणीचा शिक्का कुठाय?"

शिक्का होता. बापू निवृत्त झाले त्याच्याही आधीचा. स्प्रिंग केव्हाच गंजून आखडली होती. बापूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण सातव्या मजल्यावर ती सोय नसते. माईने त्यांच्या हातातून काटा हळूच काढून घेतला आणि आत नेऊन ठेवला.

वकीलसाहेब तोंडघशी पडले होते. त्यांनी तो राग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पोचवला. सदस्यांची पार्सलं परस्पर तोलली जातात, ही बातमी फुटताच इमारतीत खळबळ उडाली. या म्हाताऱ्याला आपल्याबद्दल आणखी काय काय ठाऊक आहे, या विचाराने सगळ्यांना घाम फुटला. सेक्रेटरी नियमांची चोपडी घेऊन आले.

"दार कसं बसवावं याचा नियम आहे. दाराच्या रंगाचा नियम आहे," सेक्रेटरी म्हणाले. "उघडं ठेवण्याबद्दल काहीच नाही."

"म्हणजे मनाई नाही," बापू म्हणाले.

"तसं नाही. ज्याबद्दल काही लिहिलेलं नाही त्याला परवानगी लागते. अग्निशमन खात्याचं पत्र आणा, मग सभेपुढे ठेवू."

बापू हट्टाला पेटले होते. अब्रू तर गेलीच होती, पण बहिणीकडचा रंगही वाळत आला होता. रोज फोनवर "दुसरा हात झाला", "आता फक्त दरवाजे राहिले" असं ऐकू येत होतं. बापू अग्निशमन खात्यात गेले. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आग लागलीये?"

"नाही."

"लागेल असं वाटतंय?"

"तसंही नाही. घराचं दार उघडं ठेवायचंय. त्याची परवानगी हवी आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. जिने अडवल्याच्या, गच्चीला कुलूप लावल्याच्या तक्रारी ते रोज पाहत होते. दार उघडं ठेवू द्या, असं म्हणणारा माणूस त्यांच्या टेबलापुढे प्रथमच आला होता, आणि ज्या गोष्टीचा छापील नमुना नाही तिला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. त्यांनी बराच विचार करून सांगितलं की आधी सोसायटीची हरकत नाही असं सोसायटीचं पत्र आणा. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडे पूर्वी दार उघडंच असायचं हो. आमची आई तर ताट वाढल्यावर दारात जाऊन बघायची, कोणी येतंय का." आणि ते बोलतच राहिले. शेजारचे मामा, अंगणातली बाज, अधूनमधून हक्काने जेवायला येणारा एक वेडसर गवई. टेबलासमोर रांग लागली तरी त्यांचं संपेना. बापूंना भरून आलं. "या ना एकदा घरी," ते म्हणाले, "आमचं दार उघडंच आहे."

"नक्की येतो," अधिकारी म्हणाले. "निघण्याआधी फोन करीन."

अखेर सभा ठरली. सोसायटीचं सभागृह नाचाच्या वर्गाला दिलेलं होतं, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, तुमचं दार तसंही उघडंच असतं, तुमच्याकडेच बसू. अशा रीतीने, दार बंद करण्याचा ठराव करायला का होईना, बापूंच्या घरी एकदाची माणसं आली. सेक्रेटरी, डॉक्टरीणबाई, वकीलसाहेब, व्यायामाची यंत्रं परत पाठवणारा तो पाचव्या मजल्यावरचा, आणखी काही जण. माईने चहा टाकला. आतल्या खोलीतून जादा खुर्ची आणायला बापू गेले, तर भिंतीशी माईची मोठी बॅग भरून ठेवलेली. वर तिची शाल घडी करून ठेवली होती आणि शालीवर उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट. रंग वाळला होता. उद्या सकाळी ती निघणार होती, आणि तिने ते त्यांना सांगितलंसुद्धा नव्हतं. किंवा कदाचित सांगितलं असेल, ते पेपर वाचत असताना.

बापू खुर्ची घेऊन बाहेर आले.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "बापू, दार उघडं ठेवण्यामागचं आपलं कारण सभेला सांगा."

बापूंनी भाषण मनात तयार केलं होतं आणि ते त्यांनी सुरूही केलं. जुनी वसाहत, लिंबू, पंखा, तीन घरचा चहा, सगळं. माणुसकीवर ते छान बोलले. पाचव्या मजल्यावरच्याने फोन चक्क खिशात ठेवला. डॉक्टरीणबाईंना आपल्या आजोळची आठवण येऊन त्यांनी डोळे टिपले.

"ते सगळं ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण नेमकं कारण काय? मला इतिवृत्तात एक ओळ लिहावी लागते."

बापूंनी चोपडीकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा बांध फुटला.

"नेमकं कारण? आमची ही चाललीये! कायमची! या घरात तिला बोलायला कोणी नाही, म्हणून चाललीये. वाटलं, एखादी बाई येईल, बसेल, दोन शब्द बोलेल, मग ही राहील. माणसं आली नाहीत, खोकी आली. ती गेल्यावर हे दार उघडं ठेवा नाहीतर विटा घालून बुजवून टाका, मला काय करायचंय? ती नसली तर या घरात मला नाही राहवणार हो!"

स्वयंपाकघराच्या दारात माई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून, ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने ट्रे सावकाश एका खोक्यावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "हे मला दार लावून सांगता आलं नसतं?"

बापूंनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"तिकडे वसाहतीत दार उघडं होतं म्हणून इतकी वर्षं मला समजलंच नाही," माई म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "सकाळपासून कोणी ना कोणी यायचं, बोलणं व्हायचं, दिवस जायचा. इथे आले, दार लागलं, आणि मग कळलं की या घरात माझ्याशी बोलायला एक माणूस आहे. तो पेपर वाचतोय. मला ह्यांच्यातलं कोणी नको होतं हो. तसे हे सगळे चांगले आहेत," असं तिने सभेकडे वळून सांगितलं, कारण घरी आलेल्या माणसांना वाईट वाटू नये ही तिची जुनी रीत होती. "पण मी बसले होते तुमची वाट बघत. आणि तुम्ही बसलात दाराकडे तोंड करून."

सेक्रेटरींनी पेन हवेत धरलं होतं. "म्हणजे मग... ठरावात काय लिहू?"

"काही लिहू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चला, उठा सगळे."

चहा ट्रेमध्ये तसाच राहिला. वकीलसाहेबांनी बापूंच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी कायदेशीर बोलायला गेले आणि न बोलताच निघाले. पाचव्या मजल्यावरच्याने जाता जाता आपलं खोकं उचललं नाही. शेवटी बाहेर पडलेल्या माणसाने लोखंडी वजन बाजूला सरकवून दार ओढून घेतलं.

बापू आणि माई समोरासमोर राहिले. मधे रिकाम्या खुर्च्या आणि इमारतीची खोकी. बापूंना आता काय बोलावं ते सुचेना. तिच्याबरोबर एवढा संसार केला, पण गप्पा मारायला बसायचं म्हणजे सुरुवात कशी करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.

"तुझं..." ते म्हणाले. "म्हणजे, तू दिवसभर... काय काय करतेस?"

"मी?" माई म्हणाली. "खरंच सांगू?"

"सांग ना."

"सगळं?"

"पहिल्यापासून."

माई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आधी जरा अडखळली. मग तिने सांगितलं की तिला या घरात दुपारची भीती वाटते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक म्हातारा रोज एकच टॉवेल वाळत घालताना दिसतो, त्याचं तिने मनातल्या मनात नावही ठेवलंय. जुन्या घरातून निघताना शेजारणीने मिठी मारली तेव्हा आपण रडलो नाही, आणि ते रडू अजून तसंच राहिलंय. बापूंनी पोती तोलली तेव्हाच तो काटा खोटा आहे हे तिला माहीत होतं. त्याच काट्यावर घरची रद्दी नेहमी कमी भरायची आणि रद्दीवाला हसायचा. "मग बोलली का नाहीस?" बापूंनी विचारलं. "बोलले होते," माई म्हणाली. "तुम्ही 'हं' म्हणालात." आणि ती हसायला लागली. बापूही हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी बोलकी, एवढी मिस्कील बाई इतकी वर्षं आपल्या घरात राहत होती आणि तिची मजा मात्र साऱ्या मजल्याने लुटली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बाहेरून कोणीतरी घंटा वाजवली. पार्सलासाठी असेल. बापू सवयीने उठायला लागले, तशी माईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि पुढे सांगू लागली. घंटा आणखी एकदा वाजली आणि गप्प झाली.

मग फोन वाजला. बहिणीचा होता. कोणत्या गाडीने येतेस, स्टेशनवर कोणाला पाठवू, असं ती विचारत असावी, कारण तिचा उत्साही आवाज बापूंपर्यंत पोचत होता. माईने सगळं ऐकून घेतलं.

"उद्याचं राहू दे गं," ती म्हणाली. "आणि आता ठेव बघू फोन. आम्ही बोलतोय."